अंगणातले भेक आणि तिचे कान

प्रश्न असा होता : या पावसाळ्यात आमच्या मागच्या अंगणातले भेक गप्प झाले, की माझ्या पत्नीला ऐकू येईनासे झाले?

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. ज्या प्रश्नात 'की' असतो त्यात दोन प्रश्न एकत्र बांधलेले असतात, ते सुटे केल्याशिवाय उत्तराला हात घालू नये, असे मी मुलांना सांगत असे. या प्रश्नाची दोन्ही उत्तरे मला नकोशी होती. तरीही तो सोडवणे भाग पडले, कारण विचारणारी ती होती आणि तिला उत्तर हवे होते.

आम्ही मुलुंडला, पश्चिमेकडे डोंगराच्या बाजूला, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराचे मागचे दार उघडले की कुंपणाच्या भिंतीपर्यंत मातीचा एक पट्टा आहे. त्यात नळ, धुण्याचा दगड, सिमेंटचा एक उथळ हौद आणि सांडपाण्यावर वाढलेले अळू. इमारतीच्या उरलेल्या आवारात काही वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसले. हा पट्टा मात्र 'राहू द्या काकूंचं अळू' असे म्हणून सगळ्यांनी सोडून दिला. धुण्याच्या दगडाखाली आणि अळूच्या मुळाशी भेक राहत. बेडूक आणि भेक यांत लोक गल्लत करतात, म्हणून सांगतो. बेडकाची कातडी गुळगुळीत आणि ओलसर असते, भेकाची खडबडीत, फोड आल्यासारखी. बेडूक लांब झेप घेतो, भेक आखूड उड्या मारत जातो, घाई नसलेल्या माणसासारखा. दोघेही उभयचर, म्हणजे बालपण पाण्यात आणि पुढचे आयुष्य जमिनीवर, आणि दोघेही थोडाफार श्वास कातडीतून घेतात.

माझी पत्नी एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होती. नुसत्या 'हॅलो'वरून ती माणूस ओळखत असे. त्या माणसाचा साहेब आज रागावला आहे का, हेही सांगत असे. निवृत्तीनंतर तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. या आजारात दृष्टी आधी कडांनी जाते आणि मध्य शेवटी जातो, त्यामुळे किती गेले हे माणसाला उशिरा कळते. तिलाही उशिरा कळले. सगळे दिसायचे बंद झाले तेव्हा ती म्हणाली, "डोळ्यांनी राजीनामा दिला. कान अजून ड्यूटीवर आहेत."

तेव्हापासून ती कानांवरच जगते. दूधवाल्याने दाराला पिशवी अडकवली, वरच्या मजल्यावरची मुलगी कामावरून आली, आभाळ भरले म्हणून कावळे खाली उतरले, हे सारे ती मला सांगते. पावसाळ्यात संध्याकाळी ती मागच्या दारात खुर्ची टाकून बसे. भेक मला माझे विद्यार्थी वाटतात, असा तिचा जुना आरोप.

"अहो मास्तर, झाली का तुमच्या वर्गाची हजेरी?"

"झाली. सगळे हजर आहेत."

"मग तो मागच्या बाकावरचा का ओरडत नाही?"

नर भेकाचा आवाज लांबलचक, घरघरता असतो. तिच्या मते ती किक मारूनही सुरू न होणारी स्कूटर. पहिला भेक बोलला की ती म्हणे, "घ्या, तुमची जुनी स्कूटर आली." मग जेवायला उठायची तिची तयारी नसे. मी ताट तिथेच आणून देत असे.

गेल्या वर्षी ही हजेरी मे महिन्यातच लागली. अवकाळी म्हणावा तर फार जोराचा आणि मोसमी म्हणावा तर फार लवकरचा असा पाऊस सलग काही दिवस पडला. हौद भरला. संध्याकाळी स्कूटर सुरू झाल्या. ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवू लागली. मला ते तितके बरे वाटले नाही.

त्याचे कारण समजावून सांगायला हवे. कोरड्या महिन्यांत भेक मातीत खोल जाऊन निपचित पडून राहतो. पाठ्यपुस्तकात याला ग्रीष्मनिद्रा असा सुंदर शब्द आहे. मी तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. पण ही निद्रा फुकट मिळत नाही. अंगात साठवलेल्या चरबीवर ती काढायची असते, आणि भेकाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या मातीप्रमाणे बदलत असल्याने माती जितकी गरम तितकी ती चरबी लवकर सरते. त्याला जागे करणारा मुख्य गजर म्हणजे मातीतला ओलावा. तो गजर इतके कळवतो की पाणी आले. महिना कोणता, पाठोपाठ आणखी पाऊस आहे की नाही, हे तो कळवत नाही.

"म्हणजे तुमची झोप काही खरी नाही," ती म्हणाली. "दबा धरून बसणं ते."

तिचा शब्द अधिक अचूक होता. मी तसे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग बदला पुस्तक."

हौदात अंडी आली. भेकाची अंडी बुळबुळीत दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी असतात. मी तिचा हात धरून पाण्यात नेला. तिने दोरा बोटांवर अलगद उचलला आणि हसायलाच लागली.

"अगं बाई! साबुदाण्याच्या खिरीत काळी पोत पडल्यासारखं लागतंय."

थोड्याच दिवसांत त्यांतून काळे, शेपटीचे बेडूकमासे निघाले. ती बोट पाण्यात धरून बसे आणि ते बोटाला येऊन टोचत. आंधळ्या माणसाला हात लावून पाहता येईल असा पावसाळा सहसा मिळत नाही. तिला तो मिळाला होता.

मग पाऊस थांबला. जून उजाडला तरी आभाळ स्वच्छ, ऊन कडक. हौदाचे पाणी खाली जाऊ लागले. दुपारी ती भिंतीला हात लावत हौदापर्यंत जाई आणि बोटे बुडवून सांगे. पहिल्यांदा म्हणाली, "कोमट आहे." नंतर, "हे तर आंघोळीचं पाणी झालंय." आणि एका दुपारी बोटे बुडवताच हात मागे घेतला. माझ्याकडे शाळेतला जुना तापमापक होता. तो काढायचे मला धैर्य झाले नाही. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, हे तापमापकाशिवायही समोर दिसत होते. बेडूकमासे पुन्हा पुन्हा पृष्ठभागाशी येत होते.

त्या संध्याकाळी तिने मला जे विचारले ते माझ्या वर्गात कोणी विचारले नव्हते.

"तुम्ही मुलांना अनुकूलन शिकवायचात ना? उंटाचं वशिंड, ध्रुवावरचं अस्वल. मग यांना का जमत नाही?"

शास्त्रीय कारणे द्या, असा प्रश्न मी हजारदा घातला असेल. तेव्हा मात्र शब्द निवडून बोलावे लागले. अनुकूलन हे एका प्राण्याचे काम नव्हे. ते पिढ्यांचे असते आणि त्याला फार वेळ लागतो. एकट्या भेकाच्या हाती असते ते निभावून नेणे. तो सावली शोधतो. आणखी खोल उकरतो. दिवसा हलत नाही, पाणी उडून जाऊ नये म्हणून अंग आवळून बसतो. जवळपास डोंगर असेल तर वर, थंडाव्याकडे सरकतो. पण आमच्या भेकांच्या वाटेत भिंत होती आणि भिंतीपलीकडे रस्ता. बेडूकमासेही आपल्या परीने झटतात. पाणी आटते आहे असे जाणवले की पुष्कळ जातींचे बेडूकमासे वाढीचा वेग वाढवतात आणि लवकर पाय काढून बाहेर पडतात. मात्र असे घाईने झालेले भेक आकाराने बारीक राहतात, आणि बारीक अंग लवकर सुकते.

"म्हणजे आठवीतच दहावीची परीक्षा द्यायची," ती म्हणाली.

"तसंच."

"आणि वर पास व्हायचं."

आम्ही हौदावर ओले गोणपाट टाकले. जितके बेडूकमासे ओंजळीत आले तितके एका प्लॅस्टिकच्या टबात घालून टब अळूच्या सावलीत ठेवला. पाणी कुठले घालायचे, हा प्रश्न आला. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी औषध घातलेले असते आणि ते बेडूकमाशांच्या नाजूक कल्ल्यांना सोसत नाही. पाणी उघडे ठेवले तर ते औषध हळूहळू उडून जाते. म्हणून आम्ही शिळे पाणी घालू लागलो.

आमच्यासारख्या घरांत ही उलटी रीत होती. सकाळी नळाला पाणी आले की कालचे उरलेले ओतून द्यायचे, भांडे घासायचे आणि ताजे भरायचे, हे प्रत्येक मुलीला तिच्या आईने शिकवलेले असते. शिळे पाणी पाहुण्याला देणे म्हणजे त्याचा अपमान. पत्नी म्हणाली, "बाहेर सांगू नका हं. मास्तरांकडे शिळं पाणी देतात म्हणतील." टबातले पाणी हळूहळू हिरवट झाले. ते मला चांगले लक्षण वाटले, कारण बेडूकमासे शेवाळ खरवडून खातात. काहींना मागचे पाय फुटू लागले होते. तिने विचारले, "पाय लागतात का हो हाताला?" मी म्हटले, अजून नाही, आणखी थोडे दिवस.

त्याच सुमारास डोळ्यांचा दाब तपासायला आम्हांला दिवसभर बाहेर जावे लागले. किल्ली नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे दिली. ती एका कंपनीत पाळीत काम करते, एकटी राहते आणि आमच्यावर जीव टाकते. संध्याकाळी परत आलो तर ती दारातच उभी.

"काकू, टबातल्या पाण्याची काय वाट लागली होती! पार शिळं, हिरवंगार. ओतून टाकलं, टब मस्त घासला, ताजं भरून ठेवलंय. आत काळे काळे किडे पण झाले होते. डेंग्यूच झाला असता ना तुम्हांला!"

मी तोंड उघडले. पत्नीने माझ्या दंडावर हात ठेवला, दाबला.

"बरं केलंस गं बाळा," ती म्हणाली. "चहा टाकते, घेऊन जा."

मुलगी चहा पिऊन गेल्यावर ती मागच्या दारात जाऊन बसली. म्हणाली, "तिला सांगायचं नाही. आपलं घर समजून केलं तिनं." ते आम्ही तिला कधीच सांगितले नाही. ती हे वाचत नाही, हे मला ठाऊक आहे. वाचलेच, तर तिने केले ते प्रेमाने केले, एवढेच तिने लक्षात ठेवावे.

नंतर पाऊस परत आला, चांगला आला. हौदात तग धरलेले थोडे बेडूकमासे होते. त्यांचे नखाएवढे भेक मी भिंतीच्या ओलीवर पाहिले. मग तेही दिसेनासे झाले. मोठ्यांपैकी एखादाच मधूनमधून बोले, आणि त्याला कोणी उत्तर देत नसे.

आता या वर्षाकडे येतो. हिवाळा नावालाच होता. उन्हाळा लांबला. पाऊस आला तेव्हा तिने खुर्ची दारात ओढली, पदर खांद्यावरून घेतला आणि बसली. पहिल्या संध्याकाळी तिने काही विचारले नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. मात्र तिच्या वागण्यात काही बारीक फरक पडला. कुकर लावला की ती विचारी, "दोन झाल्या की तीन?" शिट्ट्या मोजण्यात ती पूर्वी कधी चुकली नव्हती. रेडिओचा आवाज ती एकदा लहान करी, एकदा मोठा. आपण गुपचूप स्वतःची परीक्षा घेतो आहोत, हे मला कळत नाही असा तिचा समज होता.

अखेर एके दिवशी तिने विचारले.

"मास्तर, खरं सांगा. ते ओरडतायत आणि मलाच ऐकू येत नाहीये, असं आहे का?"

"मलाही काही ऐकू येत नाही."

"तुमचं काय सांगता! तुम्हांला दाराची बेल ऐकू येत नाही."

तेही खरेच होते. सदोष उपकरणाच्या आधारे दुसरे उपकरण तपासता येत नाही, हे मीच शिकवलेले. तेव्हा मी वर गेलो आणि त्या मुलीला विचारले, तुला यंदा मागच्या अंगणातून बेडकांचा आवाज येतो का?

"काका, मी खिडकीच उघडत नाही. इतकं गरम असतं, एसी लावूनच झोपते." मग थोडे थांबून म्हणाली, "ते बेडूक होते? मला वाटायचं, खाली कोणाची तरी बाइक सुरू होत नाहीये."

पत्नीला सांगितले तेव्हा ती खूप हसली. या पावसाळ्यातले तिचे ते एकच हसणे.

मग कान तपासायला गेलो. काचेच्या खोलीत तिच्या कानांवर यंत्र लावले आणि हातात बटण दिले. आवाज आला की बटण दाबायचे. तपासणारी तरुण बाई म्हणाली, "आजी, या वयात इतके चांगले कान मी कमी पाहिलेत." पत्नी म्हणाली, "ऑपरेटर होते मी." पण बाहेर रिक्षात बसल्यावर तिचे समाधान झाले नव्हते.

"पीं पीं ऐकू आलं मला. भेक कुठे ऐकवले त्यांनी?"

तिचा आक्षेप रास्त होता. ज्या आवाजाबद्दल शंका आहे, तोच आवाज तिला ऐकवायला हवा होता. ध्वनिमुद्रण मला पटेना, कारण त्यात आवाज दुरून येत नाही. तेव्हा दोन दिवस चांगला पाऊस झाल्यावर संध्याकाळी मी तिला रिक्षातून डोंगराच्या पायथ्याशी नेले, जिथे इमारती संपतात आणि ओढा लागतो. मी रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगितले. तो म्हणाला, "काका, इथे कोणाला भेटायचंय?" मी म्हटले, आहेत ओळखीचे.

इंजिन बंद झाले. मला पाण्याचा खळखळाट तेवढा ऐकू येत होता. तिने मात्र हात वर केला.

"आहेत."

"किती?"

"एक इथे, डावीकडे. दोन पाण्यापलीकडे. आणि तो लांबचा दमलाय, मधे मधे थांबतोय." तिने मान थोडी तिरकी केली. फोनवर दुरून आलेला आवाज ऐकताना ती अशीच मान धरत असे. "जुन्या स्कूटरी. सगळ्या आहेत." मग हळूहळू मलाही ऐकू येऊ लागले. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो. रिक्षावाल्याने एकदाही घाई केली नाही.

परतताना ती बोटांवर आवाज मोजत होती. आमच्या गल्लीत वळल्यावर म्हणाली, "म्हणजे माझे कान ठीक आहेत."

"ठीक आहेत."

"म्हणजे अंगणात कोणी नाही."

मी हो म्हटले. मी याहून चांगली तर्कशुद्ध मांडणी कुणा विद्यार्थ्याकडून ऐकलेली नाही. रिक्षातून उतरताना तिने माझा हात धरला आणि पायरी चाचपत म्हणाली, "कान गेले असते तर बरं झालं असतं हो. मग ते असते, मला ऐकू आलं नसतं एवढंच."

आता उत्तर लिहिणे भाग आहे. गप्प झाले ते भेक, तिचे कान नव्हेत. ते का गेले, याबद्दल मात्र मी 'कारण' हा शब्द जपून वापरीन. लवकर आलेला आणि मग थांबलेला पाऊस, तापलेला हौद, तापलेली माती, हे मी पाहिले आणि तिने बोटांनी मोजले. पेव्हर ब्लॉक, भिंत आणि रस्ता हेही तिथे होतेच, आणि एक घासून लख्ख केलेला टबही होता. यांतले प्रत्येक वेगळे काढून तपासायला मला दुसरे अंगण मिळालेले नाही. एवढे म्हणता येईल, की पूर्वी भेकांना एका वेळी एकच अडचण येई आणि ते ती निभावून नेत. आता अडचणी एकत्र येतात, आणि उष्णता त्या सगळ्यांत असते.

ती अजूनही दारात बसते. हौदात आम्ही शिळे पाणी भरून ठेवतो आणि डास होऊ नयेत म्हणून त्यावर जाळी बांधतो. भेक येऊ शकतील एवढी फट एका बाजूला ठेवली आहे. तिने सांगितल्यावरून ठेवली आहे.

परवा तिने पुढचा प्रश्न विचारला. "आपल्याकडचेच गेले, की सगळीकडचे?" यातही 'की' आहे. याचे उत्तर मला एकट्याला काढता येत नाही. मला एकच अंगण ठाऊक आहे.

म्हणून विनंती आहे. चांगला पाऊस झाल्यानंतरच्या संध्याकाळी एसी आणि पंखा बंद करा, खिडकी उघडा किंवा खाली आवारात जाऊन थोडा वेळ उभे राहा, आणि ऐका. तुमच्याकडे आवाज येतो का, मागच्या वर्षी येत होता का, हे माझ्या सांगण्यावर न जाता स्वतः तपासून पाहा.